फोटो मुलाचा, पावती कोणाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी नोकरीची पहिली तीन वर्षे काढली. त्यांच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट होते. हिरवा रंग, दार उघडताना कुरकुरायचे. त्याच्या वरच्या कप्प्यात सातवीच्या निरोप समारंभाचे फोटो असत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, वर पातळ कागदाचे आवरण. दर वर्षी मार्चमध्ये तालुक्याच्या स्टुडिओतून फोटोग्राफर यायचे. मागची रांग बाकांवर उभी, मधली जमिनीवर उभी, पुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि त्यांच्या पायाशी मांडी घालून बसलेली बुटकी मुले. ‘हलू नका’ म्हटले की हमखास कोणीतरी हलायचे आणि त्याचा चेहरा जन्मभरासाठी पुसट व्हायचा.

वीस-वीस वर्षांनी माणसे तो फोटो बघायला येत. बायकोला घेऊन येत, पोराला घेऊन येत. गुरुजी आधी विचारत, ‘कोणाचा तू? कोणत्या सालचा?’ मग खिशातून किल्ली काढत, कपाट उघडत, तो पुठ्ठा टेबलावर ठेवत. बघणारा समोर बसून बघायचा, बोट ठेवून नावे सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. फोटो परत कपाटात.

आजचा विषय मी त्या किल्लीवरून सुरू करते. तेव्हा कोणी ‘गोपनीयता’ हा शब्दही उच्चारत नव्हते. पण मुलांचा फोटो कोणी बघायचा, कुठे बसून बघायचा, हे एका जबाबदार माणसाला माहीत असायचे. आज शाळेत दिवसाला जेवढे फोटो निघतात, तेवढे त्या कपाटात चाळीस वर्षांचे नव्हते. आणि किल्ली? किल्ली कोणाकडे आहे?

मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत. शाळेत फोटो एवढे का निघू लागले, ही पहिली. निघालेला फोटो जातो कुठे, ही दुसरी. आणि मुलाचा फोटो काढायचा तर विचारायचे कोणाला, ही तिसरी. तिसरीला वेळ लागेल, कारण तिथेच आपण सगळे चुकतो आहोत.

फोटो का वाढले? मोबाइल स्वस्त झाला म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. शाळेत फोटो वाढला, कारण फोटोला पुरावा मानले जाऊ लागले. काही शिक्षकांना आठवत असेल. नोव्हेंबर 2016 मध्ये आपल्या राज्यात एक शासन निर्णय निघाला होता. जानेवारी 2017 पासून दर सोमवारी शिक्षकांनी मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढायचा आणि तो शिक्षण खात्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवायचा. हेतू चांगला होता. मुले शाळाबाह्य होऊ नयेत, पटावरची मुले खरोखर वर्गात आहेत का ते कळावे. शिक्षकांनी विरोध केला. नेटवर्क नाही, वेळ नाही, शिकवायचे कधी, असे प्रश्न आले आणि तो निर्णय स्थगित झाला. त्या साऱ्या गदारोळात आम्ही शिक्षक नेटवर्कबद्दल खूप बोललो. मुलांबद्दल किती बोललो? ‘या लेकरांच्या चेहऱ्यांचा साठा करायला आपण त्यांच्या आईबापांना विचारले का,’ असा प्रश्न माझ्या तोंडून तेव्हा आला नाही. तो यायला हवा होता.

निर्णय थांबला, पण सवय राहिली. शाळाप्रवेशोत्सव, फोटो. पोषण आहाराची पंगत, फोटो. हात धुवा दिन, फोटो. वृक्षारोपण, फोटो. आषाढीची बालदिंडी, विठ्ठल-रखुमाई झालेल्या पोरांचे तर पन्नास फोटो. संध्याकाळी पाचच्या आत केंद्राच्या ग्रुपवर गेले पाहिजेत. मी स्वतः केंद्रप्रमुखांचे असे निरोप वाचले आहेत: अहवाल मागाहून दिला तरी चालेल, आधी फोटो पाठवा. आणि साधा फोटो चालत नाही, जिओ टॅग लागतो. म्हणजे काय, हे पालकांना सांगते. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपमधून फोटो काढला की खाली एक काळी पट्टी येते. त्या पट्टीवर गावाचे नाव, तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश छापलेले असतात. वर मुलाचा चेहरा, गणवेशाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह, आणि खाली तो मुलगा कोणत्या दिवशी किती वाजता पृथ्वीच्या कोणत्या बिंदूवर उभा होता, त्याचा पत्ता. असा फोटो तीन ग्रुपवर जातो. तिथून कोणाच्या तरी स्टेटसवर. तिथून शाळेच्या फेसबुक पानावर.

मी शिक्षकाला दोष देत नाही. दोन शिक्षकी शाळेतला माणूस एका हाताने पेरूचे रोप लावतो, दुसऱ्या हाताने फोटो काढतो आणि रात्री घरी बसून चढवतो. त्याच्या कामावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही, म्हणून तो पुरावा देतो. पण पुरावा म्हणून पुढे काय करतो? मुलाचा चेहरा. काम मोठ्यांचे झाले, त्याची पावती मुलाच्या चेहऱ्यावर फाडली. रोप लावले याचा पुरावा रोप आहे ना? मग रोपाचा फोटो पाठवा. हात धुतले याचा पुरावा ओले हात. आहार शिजला याचा पुरावा भरलेले पातेले. यात चेहरा कुठे लागतो?

आता मी माझ्याबद्दल सांगते. हे सांगणे मला सोपे जात नाही.

मी मुख्याध्यापिका असताना आमच्या शाळेत एका संस्थेने साहित्य वाटले. वह्या, दप्तर, एक छत्री. ज्या घरातल्या कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे, अशा घरातल्या मुलांसाठी. आमच्या शाळेत अशी एकच मुलगी होती, पाचवीत. संस्थेची माणसे गाडी करून आली होती. चांगली माणसे होती, मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. त्यांना फोटो हवा होता. मला अहवालासाठी फोटो हवा होता. त्या मुलीला काय हवे होते, हे कोणी विचारले नाही.

ती पुढे आली. दप्तर तिच्या हातात दिले, पण देणाऱ्यांनी ते सोडले नाही, कारण फोटो व्हायचा होता. एका बाजूने चार मोठ्या माणसांचे हात, एका बाजूने तिचे दोन. मी म्हणाले, ‘बाळ, इकडे बघ.’ तिने बघितले नाही. मी परत म्हणाले. तिने दप्तराचा पट्टा मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तिसऱ्यांदा तिने वर बघितले आणि मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक दैनिकात आला. खाली ओळ होती आणि त्या ओळीत तिच्या वडिलांनी काय केले होते, ते छापलेले होते.

ती आठ दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेले. तिची आई चुलीपुढे बसली होती. ती रागावली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, ‘बाई, वर्गात कोणाला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं होतं, पप्पा पुण्याला कामाला आहेत म्हणून.’

एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने आपल्यापुरती एक भिंत बांधली होती. तिच्या आड ती खेळत होती, गणिते सोडवत होती, मैत्रिणींबरोबर डबा खात होती. मी एका फोटोने ती भिंत पाडली. एका छत्रीच्या मोबदल्यात.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट दिसू लागली, आणि ती दिसल्यावर न दिसणे शक्य नव्हते. आपल्याकडे ज्या मुलाच्या घरी सगळ्यात कमी आहे, त्याचे फोटो सगळ्यात जास्त निघतात आणि त्यालाच सगळ्यात कमी विचारले जाते. शहरातल्या मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी एक छापील कागद येतो: तुमच्या पाल्याचा फोटो वापरू का? हो की नाही, खूण करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात असा कागद किती ठिकाणी येतो? मोफत वही घेणाऱ्याने फोटोला नाही म्हणायचे नाही, असा एक न लिहिलेला नियम आपण करून ठेवला आहे. दहावीच्या निकालानंतर चौकात लागणारे क्लासचे फलकही बघा. टक्के, चेहरा, पूर्ण नाव. पण तिथे निदान घरच्यांना अभिमान असतो. माझा प्रश्न ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्याबद्दलचा आहे.

दुसऱ्या मुद्द्याकडे येते. फोटो जातो कुठे?

खासगीपणाचा कायदेशीर विचार आधुनिक जगात सुरू झाला, त्यामागे कॅमेराच आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. 1888 मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. त्याआधी फोटो काढून घ्यायचा तर माणसाला स्टुडिओत जाऊन बसावे लागे, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय तो सहसा निघत नसे. आता रस्त्यात, बागेत, कोणाचाही काढता येऊ लागला. दोनच वर्षांनी, 1890 मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट निघणारे फोटो आणि वृत्तपत्रे मिळून घराच्या आतले जगणे चव्हाट्यावर आणत आहेत, ही त्यांची तक्रार होती. पुढे ब्रँडाइस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. तेव्हा फोटो छापायला निदान छापखाना लागत होता. आज काय लागते?

जून 2024 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एक गोष्ट उघड केली. कृत्रिम बुद्धिमत्तेला चित्रे ‘शिकवण्यासाठी’ इंटरनेटवरून गोळा केलेला एक प्रचंड साठा होता, लायन-5बी नावाचा. त्यात जवळपास 585 कोटी चित्रांचे दुवे होते. संस्थेने त्याचा अगदी नगण्य भाग तपासला, आणि तेवढ्यात ब्राझीलमधल्या मुलांचे 170 फोटो सापडले. वाढदिवसाचे, घरातले, शाळेतल्या कार्यक्रमातले. काहींच्या शेजारी मुलाचे नावसुद्धा. यातले पुष्कळ फोटो फारसे कोणी बघितलेलेही नव्हते. दहा-वीस नातेवाइकांसाठी कोणी तरी ते टाकले होते. ज्याने टाकले त्याला वाटले, आपल्याच माणसांत आहे. यंत्राला आपले-परके नसते.

आणि अशाच यंत्रांचा उपयोग कसा होतो? स्पेनमध्ये आल्मेंद्रालेखो नावाचे एक लहान शहर आहे. आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या वीसहून अधिक शाळकरी मुलींच्या आयांना कळले की त्यांच्या मुलींचे नग्न फोटो मोबाइलवर फिरत आहेत. फोटो खोटे होते. मुलींचे साधे, कपड्यातले फोटो समाजमाध्यमांवरून उचलून एका ॲपने ते बनवले होते. बनवणारी मुलेही तिथलीच, शाळकरी. पुढच्या वर्षी 15 अल्पवयीन मुलांना बाल न्यायालयाने एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. मी हे सगळ्यांना घाबरवायला सांगत नाही. मागच्या बाकावरचे मुख्याध्यापक मनात म्हणत असतील, ‘आमच्या फोटोत काय वावगे आहे? मुली लेझीम तर खेळताहेत.’ सर, तिथेही फोटोत काहीच वावगे नव्हते.

पण एवढे लांब जायची गरज नाही. आपल्याच वर्गात अशी मुले असतात, ज्यांचा फोटो बाहेर गेला तर त्याच आठवड्यात धोका आहे. मार खाऊन, मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलेली आई असते. आंतरजातीय लग्न करून गाव सोडलेले जोडपे असते. त्यांनी नावे, पत्ते, सिमकार्ड सगळे बदललेले असते आणि पोराचा बालदिंडीतला फोटो जातो, खाली अक्षांश-रेखांश. मुलाच्या ताब्यावरून न्यायालयात भांडण चालू असते. दत्तक घेतलेले मूल असते. यातले काहीही शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले नसते आणि लिहिलेले असूही नये. म्हणून आधी विचारायचे. कारण विचारायचे नाही, फक्त हो की नाही, एवढेच.

मग विचारायचे कोणाला? हा तिसरा मुद्दा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिकाकर्ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाचे आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये मान्य केला आहे. बाल न्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमाखाली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची, गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाची किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला. विदा म्हणजे डेटा. त्याच्या नवव्या कलमात 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. मुलांच्या बाबतीतली ही बंधने मोडली तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने दिले आहेत. शिक्षणाचे काम आणि मुलांची सुरक्षितता यांसाठी शाळांना काही सूट आहे. हजेरी आणि बसवरची नजर त्यात येईल. स्नेहसंमेलनातला नाच फेसबुकवर टाकणे हे शिक्षणाचे काम आहे का? माझ्या मते नाही. वकिलांचे मत वेगळे असू शकते. पण कायदा काय म्हणेल याची वाट बघत बसावे, असा हा प्रश्न नाही.

सीसीटीव्हीबद्दल थोडक्यात बोलते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले, ते योग्यच झाले. पण ते चित्रण कोण बघते, किती दिवस ठेवते, कोणाच्या मोबाइलवर दिसते, हे पालकसभेत विचारा.

पालकांनी स्वतः काढलेल्या फोटोचे काय? आपल्या कायद्याने माणसाचा घरगुती, व्यक्तिगत वापर बाजूला ठेवला आहे. ब्रिटनमध्येही तसेच आहे. तिथल्या काही शाळा नाताळच्या नाटकाला आईवडिलांना कॅमेरे बंद करायला लावत आणि कारण सांगत, ‘कायदा आहे.’ तिथल्या माहिती आयुक्तांना जाहीर करावे लागले की कुटुंबाने स्वतःसाठी काढलेल्या फोटोला हा कायदा आडवा येत नाही. म्हणून शाळेने सरसकट बंदीच्या मागे लपू नये. आजी गावाहून येते, नात पहिल्यांदा रंगमंचावर जाते, तिला फोटो काढू द्या. फक्त कार्यक्रमाच्या आधी ध्वनिक्षेपकावरून सांगा: आपल्या मुलाचा काढा, घरी ठेवा, दुसऱ्याचे मूल फोटोत असेल तर ग्रुपवर टाकू नका. लोक ऐकतात. मी करून बघितले आहे. सगळे ऐकत नाहीत, पण बरेच ऐकतात.

आणि याची उलटी बाजूही मला दिसते. ‘मुलांची गोपनीयता’ हा शब्द ढालीसारखा वापरून कोणी शाळेचे गळके छप्पर झाकू पाहील. स्वच्छतागृहाला दार नाही, खिचडीत अळ्या आहेत, आणि पालक फोटो काढायला गेला तर ‘परवानगी नाही’. हे चालणार नाही. छपराचा फोटो काढा, जरूर काढा, त्यात मूल नको. इमारतीला खासगीपणा नसतो.

आता संमतीकडे. आपण म्हणतो, कागदावर सही घेतली की झाले. खरेच झाले का?

स्वीडनमध्ये 2019 साली एका प्रकरणाचा निर्णय लागला. शेलेफ्तेओ नावाच्या नगरपालिकेच्या एका शाळेत 22 विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली. पालकांची संमती घेतली होती. तरीही तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड केला. त्यांनी दिलेल्या कारणांतले एक माझ्या मनात कायमचे बसले. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, शाळेच्या हाती त्याच्यावरची सत्ता असते, म्हणून ही संमती मोकळेपणाने दिलेली आहे असे धरता येत नाही.

हे वाचले आणि मला ती पांढरी पडलेली पेरे आठवली. मी ‘इकडे बघ’ म्हणाले आणि तिने तिसऱ्यांदा बघितले. कोणी विचारले असते तर मी म्हणाले असते, तिची हरकत नव्हती. हरकत घेण्याची ताकद तिच्याकडे नव्हती, एवढेच.

संमती खरी असायची तर ‘नाही’ म्हणायला जागा पाहिजे आणि ‘नाही’ म्हटल्यावर मुलाचे काही बिघडता कामा नये. ज्याने नाही म्हटले, त्याला नाचातून वगळायचे नाही, मागच्या रांगेत ढकलायचे नाही, आणि ‘तुझ्यामुळे सगळ्यांचा फोटो राहिला’ असे ऐकवायचे तर मुळीच नाही. त्यालाही छत्री मिळाली पाहिजे.

प्रवेशाच्या वेळी एकदाच सही घेऊन दहा वर्षे वापरायची, हेही नको. दर जूनमध्ये नव्याने विचारा. आणि एकच प्रश्न नको, चार प्रश्न विचारा. वर्गाच्या भिंतीवर लावू का? शाळेच्या अहवालात छापू का? वर्तमानपत्राला देऊ का? इंटरनेटवर टाकू का? आईबापांचे उत्तर प्रत्येकाला वेगळे असते. भिंतीला सगळे हो म्हणतात. शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ जण थबकतात. ब्रिटनमधल्या बऱ्याच शाळा आणखी एक साधी गोष्ट पाळतात: फोटो असेल तर पूर्ण नाव द्यायचे नाही, नाव द्यायचे असेल तर फोटो नाही. आपल्याकडे हे उद्यापासून करता येईल. त्याला एक रुपया लागत नाही. जिओ टॅग वरिष्ठांना हवाच असेल तर मुलांची पाठ कॅमेऱ्याकडे ठेवा. आणि शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये मुलांचे फोटो साठू देऊ नका. शाळेच्या संगणकावर ठेवा, वर्ष संपले की छाटा. गुरुजींच्या कपाटातही प्रत्येक वर्षाचा एकच पुठ्ठा होता. सगळे ठेवायचे नसते.

पण आईवडिलांची सही म्हणजे मुलाचे म्हणणे नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये फ्रान्सने एक कायदा केला. मुलाच्या प्रतिमेचा हक्क मुलाचा आहे आणि तो जपायची जबाबदारी आईवडील दोघांची, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आईबापसुद्धा त्या चेहऱ्याचे मालक नाहीत, राखणदार आहेत. हे आपल्याला ऐकायला जड जाते. आपले मूल, आपण फोटो टाकू, असे आपण म्हणतो. पण तो फोटो पंधरा वर्षांनी कोणाच्या आयुष्यात निघणार आहे? आंघोळीचा, रडण्याचा, अंगठा चोखण्याचा? तो मुलगा तेव्हा नोकरीच्या मुलाखतीला बसलेला असेल.

म्हणून निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी आमच्या शाळेत एक केले. पालकांच्या सहीच्या कागदावर खाली एक रिकामी ओळ ठेवली. ती ओळ मुलाने स्वतः लिहायची. पहिली-दुसरीच्या मुलांनी सांगायचे आणि ताईने लिहून घ्यायचे. त्या कागदाच्या प्रती मी आज आणल्या आहेत, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मुख्याध्यापकांनी जाताना घ्याव्यात, हवा तसा बदल करावा.

मला वाटले होते, मुले ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहितील. तसे झाले नाही. एका मुलीने लिहिले, ‘आधी आईला दाखवा, मग टाका.’ एकाने लिहिले, ‘कबड्डीचा काढा, पण आऊट झाल्याचा काढू नका.’ एक मुलगा बोलत नसे, त्याने रिकाम्या ओळीवर एक फुली काढली आणि कागद उलटा करून दिला. आम्ही त्याचा फोटो काढला नाही. तो वर्षभर नाचला, धावला, दिंडीत त्याने टाळ वाजवले, आणि शाळेच्या एकाही फोटोत तो नाही.

आणि पहिलीतल्या एका पोराने ताईला सांगून लिहवून घेतले होते: ‘माझे पुढचे दोन दात पडलेत. दात आल्यावर काढा.’

त्या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या फोटोत तो नव्हता, स्वातंत्र्यदिनाच्याही नव्हता. जानेवारीत एके दिवशी मधल्या सुट्टीत तो कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. ओठ मागे ओढून त्याने मला दात दाखवले, एक पूर्ण आलेला, दुसरा अर्धा. म्हणाला, ‘बाई, आता चालेल.’